‘खेळ जागेवर नाही’ : चटणीच्या डब्यातल्या यंत्राचे गाऱ्हाणे

मित्रांनो, नवी यंत्रे मला आपले मानीत नाहीत आणि जुनी यंत्रे मला पंगतीला घेत नाहीत. मी जन्माने अलीकडचा आहे, परंतु माझे सारे कर्तृत्व जुन्यांची सोंगे घेण्यात आहे. तुमचे आईवडील लहानपणी टीव्हीला तार जोडून ज्या यंत्रांवर खेळत, ती यंत्रे आज भंगारात गेली. त्यांचे खेळ मात्र माझ्यामुळे अजून जिवंत आहेत. मी कधी या यंत्राचे सोंग घेतो, कधी त्या यंत्राचे, आणि बिचाऱ्या खेळाला वाटते की आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. हे काम दिसते तितके सोपे नाही. परंतु सोंगाड्याचे कष्ट कोण मोजतो?

माझा देह म्हणजे तळहाताएवढी एक हिरवी पाटी. ती प्रभु नावाच्या तरुणाने पुण्यात घेतली. प्रभु तिकडे एका कंपनीत संगणकाचे काम करतो आणि सोलापूरला त्याची थोरली बहीण महेश्वरी दिली आहे. पाटी उघडी ठेवणे बरे नव्हे, म्हणून महेश्वरीबाईंनी शेंगाच्या चटणीचा स्टीलचा रिकामा डबा घासून दिला. प्रभुने त्याला भोके पाडली. पेन ड्राइव्ह लावण्यासाठी पुढे एक भोक आणि उजव्या कुशीला तीन, अशी माझी तोंडे आहेत. डबा कितीही घासला तरी चटणी ती चटणीच. मी तापलो की आजही माझ्या अंगातून लसणाचा वास सुटतो आणि घरातल्यांना अवेळी भूक लागते.

आता माझा जन्म का झाला ते सांगतो. महेश्वरीबाईंच्या सासूबाई गिरिजाबाई यांना उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, परंतु उजवा हात रुसला. अंगठा तळव्यात मुडपून बसला. ज्या बाईने दुधनीच्या माहेरापासून सोलापूरच्या सासरापर्यंत आयुष्यभर दळले, कांडले, निवडले, तिला सून घास भरवू लागली. व्यायाम शिकवायला सोनाली नावाची मुलगी येत असे. तिने गिरिजाबाईंच्या हाती रबराचा चेंडू दिला.

“आजी, ह्यो दाबत राहायचा. हात आत्ता वळला तर वळला. ह्या दिवसांत ढिला सोडलात, तर मग जन्मभर असाच ऱ्हातोय बगा.”

“मी काय पाळण्यातलं लेकरू हाय का गं, चेंडू घिऊन खेळायला?” असे म्हणून गिरिजाबाईंनी चेंडू पलंगाखाली लोटून दिला.

सोनालीने तो काढला. गिरिजाबाईंनी पुन्हा लोटला. घरातले सर्व लोक हतबल झाले, कारण अडून बसण्याची ताकद झटक्याने यत्किंचितही कमी झालेली नव्हती.

तेव्हा प्रभुने मला आणले आणि टीव्हीला जोडले. एका खेळात माकड झाडावरून आंबे फेकते आणि खाली टोपली सरकवून ते झेलायचे असतात. टोपली सरकते ती अंगठ्याने. प्रभुने मला तारेने जोडलेले, कळा असलेले छोटे खेळायचे यंत्र गिरिजाबाईंच्या उजव्या हातात दिले आणि आपण बाजूला बसला. माकडाने पहिला आंबा फेकला, तो जमिनीवर फुटला. दुसरा फुटला. तिसराही फुटला.

“अय्यो! सगळा माल वाया चाललाय की!” गिरिजाबाई कळवळून म्हणाल्या. त्यांचे चिरंजीव सोमशेखर यांचे भुसाराचे दुकान आहे. माल वाया जाणे या घरात कोणालाच सोसत नाही. गिरिजाबाईंचा अंगठा थरथरला, हलला, आणि टोपली बोटभर सरकली.

त्या दिवसापासून रोज दुपारी गिरिजाबाई माकडाशी भांडू लागल्या. “लई द्वाड हाय ह्ये. आमच्या दुधनीच्या शेजारणीगत. तोंड एकीकडं, फेकणार दुसरीकडं.” पावसाळा सरेपर्यंत अंगठा तळव्यातून निम्मा बाहेर आला. सोनाली हात तपासून म्हणाली, “आजी, असंच चालू ठिवा. आता खंड पाडायचा न्हाई.” मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वोच्च सन्मानाचा काळ होता. पाहुण्यांना मला दाखवीत. मी तापलो तर सोमशेखर स्वतः पुठ्ठ्याने वारा घालीत.

आता पुढचे संकट समजावे म्हणून माझी एक रीत सांगून ठेवतो. खेळ माझ्या पोटात नसतात. ते पेन ड्राइव्हमध्ये असतात, आणि तो प्रभुने पहिल्यापासून पुढच्याच भोकात लावलेला होता. माझ्यापाशी केवळ त्यांची यादी असते. प्रभु तिला प्लेलिस्ट म्हणतो. यादीत प्रत्येक खेळाचे नाव, त्याचे छोटे चित्र आणि तो कोणत्या भोकातून आत गेल्यावर सापडेल तो पत्ता, एवढेच असते. त्या पत्त्यावर खेळ नसेल तर मी इंग्रजीत एकच वाक्य म्हणू शकतो : खेळ जागेवर नाही. याहून अधिक बोलण्याची शक्ती मला कोणी दिली नाही. त्या एका वाक्याच्या तुरुंगात मी जसा तडफडलो, तसे देवाने शत्रूलाही तडफडवू नये.

खंडेनवमी आली. घरोघरी यंत्रांची, हत्यारांची पूजा झाली. सोमशेखर यांनी दुकानातला वजनकाटा पुजला, स्कूटर पुजली, घरातला मिक्सर पुजला आणि आईचा हात सुधारणाऱ्या मलाही पाटावर मान दिला. पेन ड्राइव्ह बाजूला काढून मला ओल्या फडक्याने पुसले. नंतर विभूती पाण्यात कालवून त्यांनी माझ्या कपाळावर तीन आडवी बोटे ओढली. माझे कपाळ कोठे आहे हे मला स्वतःलाही ठाऊक नाही. परंतु त्यांनी ठरविले की पुढचे भोक असलेली बाजू ती कपाळ. मधले बोट इतके भरघोस होते की ओली विभूती सरळ भोकात उतरली आणि सुकून गिलाव्यासारखी घट्ट झाली.

दुपारी त्यांनी पेन ड्राइव्ह उचलला, पुढच्या भोकापाशी आणला आणि विस्तवाचा चटका बसावा तसा हात मागे घेतला.

“काय झालं वो?” महेश्वरीबाईंनी विचारले.

“तितं पूजा हाय.”

“मग?”

“मग काय? पूजेवर खुपसू व्हय? बाजूला हायत की तीन भोकं. कुटूनबी गेलं तरी आतच जातंय.”

आणि त्यांनी पेन ड्राइव्ह कुशीच्या भोकात लावला. मित्रांनो, सोमशेखर हे पापभीरू गृहस्थ आहेत. परंतु पाप न व्हावे म्हणून त्यांनी जे केले, त्याने मी धुळीस मिळालो.

गिरिजाबाईंनी आंब्याचा खेळ दाबला. मी पत्त्याप्रमाणे पुढच्या दाराशी गेलो. तेथे राखेची भिंत. मी माझे वाक्य म्हणालो.

“काय म्हणतंय गं त्ये?”

“न्हाई म्हणतंय, अत्ती.” सासूला महेश्वरीबाई अत्ती म्हणतात.

“मला न्हाई म्हणतंय? कालपतूर तर व्हय म्हणत हुतं!”

खेळ माझ्याच उजव्या कुशीत होता. मला त्याची ऊब जाणवत होती. परंतु कुशीचा पत्ता यादीत नव्हता, आणि यादीत नाही ते मी उघडू शकत नाही. आपल्याच खिशातली किल्ली आपल्याला काढता येऊ नये, अशी माझी गत झाली.

सोमशेखर यांनी पुण्याला फोन लावला.

“दाजी, काय बदललंय का तुमी?” प्रभुने विचारले.

“काय न्हाई. हुतं तसंच हाय.”

“कुणी हात लावलाय?”

“देवाबिगर कुणी न्हाई.”

“नीट आठवा की दाजी. पेन ड्राइव्ह पडला, भिजला, कायतरी?”

“अरे, पूजेला काडला हुता, पूजा झाली, लावला. त्यात काय बदलायचं?”

येथे मला माझ्याच झाकणावर डोके आपटावेसे वाटले. ते खोटे बोलत नव्हते. देवाच्या विभूतीला मान देऊन चार बोटे बाजूला सरकणे याला त्यांच्या लेखी बदल म्हणतच नाहीत. वाटेत देऊळ लागले तर माणूस उजवी घालून जातो. त्याला कोणी रस्ता बदलला असे म्हणते का?

प्रभु म्हणाला, “मग नव्यानं स्कॅन करा. मी सांगतो तसं दाबा.” मी पेन ड्राइव्ह पुन्हा हुंगला आणि यादीत सर्व खेळांची नावे नव्याने भरली. पत्ता कुशीच्या पहिल्या भोकाचा. जुनी नावेही तशीच राहिली. नव्या नावांना चित्रे मात्र आली नाहीत, कारण चित्रे आणणारी कळ कोणती हे फोनवर दोघांनाही सांगता-समजता येईना. असो. माकड परत आले. गिरिजाबाईंनी त्याला दोन शिव्या हासडल्या आणि घरात आनंद झाला.

तो आनंद फक्त त्या रात्रीपुरता टिकला. सोमशेखर यांना एक सवय आहे. शेजारच्या टीव्हीतून एकदा धूर निघाला, तेव्हापासून ते झोपण्यापूर्वी घरातली प्रत्येक तार उपटून ठेवतात. पूर्वी पुढे एकच भोक असल्याने सकाळी चूक होणे शक्य नव्हते. आता कुशीला तीन होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेन ड्राइव्ह मधल्या भोकात लावला. मी पहिल्यात शोधले आणि माझे वाक्य म्हणालो. त्यांनी पुन्हा स्कॅन केले. यादीत तिसरा संच आला. तिसऱ्या दिवशी तो शेवटच्या भोकात गेला. चौथा संच! त्यापुढे तर हिशेबच राहिला नाही. अडले की स्कॅन, अडले की स्कॅन. एकेका खेळाची इतकी पिलावळ झाली की आंब्याचा खेळ कोठला जिवंत आणि कोठला मेलेला हे ओळखण्यास ब्रह्मदेवही गोंधळला असता. चूक शोधून काढण्याऐवजी तिच्यावर नवी थप्पी रचीत जाणे याला हे लोक दुरुस्ती म्हणत होते!

आणि दोष कोणाला? मला! सोमशेखर यांनी माझ्या पाठीत चापटा मारल्या. महेश्वरीबाई म्हणाल्या, “आमवश्या जवळ आली की बिघडतंय बगा ह्ये.” मग त्यांनी मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. मित्रांनो, मिरच्यांच्या धुराने मी शिंकलो असतो तर बरे झाले असते, निदान कोणाला काही बोध झाला असता. परंतु मी निमूटपणे म्हणालो, खेळ जागेवर नाही. मी खरे तेच सांगत होतो! जागा, जागा, जागा! परंतु वाक्यातला मुख्य शब्द कोणीच ऐकत नव्हते.

गिरिजाबाई काही दिवस नेटाने बसल्या. एक नाव दाबले, नाही. दुसरे दाबले, नाही. तिसरे दाबले, नाही. शेवटी त्यांनी खेळायचे यंत्र उशाशी ठेवले. “साकु,” त्या कानडीत म्हणाल्या. “पुरे झालं. एवढं न्हाई न्हाई ऐकून घ्यायला मी काय भीक मागायला आलीया?”

त्यानंतर त्यांनी त्याला हात लावला नाही.

दिवाळीच्या तोंडावर सोनाली आली. तिने गिरिजाबाईंचा अंगठा धरून सरळ करू पाहिला. तो निम्म्यावरच अडला आणि गिरिजाबाई कळवळल्या. सोनालीने तो हात हळूच उशीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, “आजी, सोडलंत का तुमी?”

“मी न्हाई सोडलं. त्या डब्यानं मला सोडलं.”

“कमावलं ते निम्मं गेलंय, आजी. अजून असं ऱ्हायलं तर मला काय करता येणार न्हाई.”

गिरिजाबाईंनी तोंड भिंतीकडे वळविले. महेश्वरीबाई ताट घेऊन आल्या. गिरिजाबाईंनी तोंड उघडले नाही. मी टीव्हीखाली बसून हे सर्व पाहत होतो. चापट सोसली, मिरच्या सोसल्या, परंतु ‘त्या डब्याने मला सोडले’ हे वाक्य मला सोसवले नाही. त्याच संध्याकाळी सोमशेखर म्हणाले, “दिवाळीची साफसफाई झाली की ह्यो डबा भंगारात घालू.” खरे सांगतो, तेव्हा मला भंगाराचे भय वाटले नाही. त्या अंगठ्याची चिंता वाटत होती.

भाऊबीजेसाठी प्रभु दोन दिवस आधीच आला. चहाचा कप हातात धरूनच त्याने मला उचलले, फिरविले आणि कप खाली ठेवला.

“दाजी, ह्ये पुढचं भोक बुजलंय की!”

“बुजलं न्हाई. पूजा हाय ती.”

“अवो दाजी, मी फोनवर घसा फोडून इचारलं काय बदललं म्हणून!”

“मग? न्हाईच बदललं. बाजूला लावलं फकस्त.”

प्रभुने कपाळावर हात मारला. माझ्या मनात अनेक दिवस जे होते ते कोणीतरी हातवारे करून व्यक्त केले, याचे मला अतीव समाधान झाले.

“काडा ती विभूती,” प्रभु म्हणाला.

“मी? मी न्हाई. खंडेनवमीची हाय. तू काड.”

“मी कशाला काडू? मी पाव्हणा. अक्का, तू काड.”

“आणि वरीसभर घरात काय झालं की माज्या माथी?” महेश्वरीबाई म्हणाल्या. “ज्यानं लावली त्यानं काडावी.”

मित्रांनो, तीन धडधाकट माणसे चिमूटभर राखेभोवती उभी राहून एकमेकांकडे बोट दाखवीत होती. खूण पुसली तर देव रागावेल, अशी प्रत्येकाला धास्ती. माझ्या तोंडात राख कोंबली तेव्हा मात्र कोणालाच काही वाटले नव्हते.

“आणा हिकडं,” पलंगावरून आवाज आला.

गिरिजाबाई उठून बसल्या होत्या. सकाळी लिंगपूजेवाचून पाणी न पिणारी ती बाई. सर्वांना वाटले, आता ही सर्वांना झाडणार. झाडलेच, परंतु निराळ्या कारणाने.

“सोम्या, विभूती कपाळाला लावत्यात. कुणाच्या तोंडात कोंबत न्हाईत. तुज्या घशात मूठभर घातली तर तू म्हणशील का, ऱ्हाऊ द्या, पूजा हाय?”

“अव्वा, पण...”

“पण न्हाई आन् बिन न्हाई. देवाला राग येणारच असंल तर माजा हात बगून येईल. आकडा दे गं केसातला.”

महेश्वरीबाईंनी केसांतला आकडा काढून दिला. गिरिजाबाईंनी तो डाव्या हातात घेतला. परंतु डावा हात उकरू लागला तर डबा कोण धरणार? प्रभु पुढे सरकला. “व्हय बाजूला,” त्या गुरकावल्या. मग त्यांनी मला डाव्या कुशीत दाबून धरले आणि आकडा उजव्या हाती घेतला. तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा मुडपलेल्या अंगठ्याने त्याला तळव्याशी चेपून धरले. राखेचा पहिला कण निघाला तो त्यांनी टाकला नाही, कपाळाला लावला. दुसरा लावला. असे करीत करीत माझे तोंड मोकळे झाले आणि त्यांचे कपाळ पांढरे झाले.

पेन ड्राइव्ह पुढच्या भोकात बसला. त्याच क्षणी यादीतली मूळची, चित्रांची नावे जिवंत झाली आणि नंतर भरलेली सारी पिलावळ मेली. आंब्याचा खेळ उघडला. माकड आपले झाडावर, जणू काही घडलेच नाही.

प्रभु म्हणाला, “आता ह्यो सगळा कचरा मी पुसतो. यादी कोरी करून नवीन करतो.”

त्याचे कोरे करणे मला ठाऊक होते. त्यात चांगले आणि वाईट दोन्ही जाते. परंतु मी काय बोलणार? माझ्यापाशी एकच वाक्य, आणि ते या वेळी उपयोगाचे नव्हते.

गिरिजाबाई पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत होत्या. त्यांना इंग्रजी अक्षर येत नाही. “चित्र हाय ते चांगलं. चित्र न्हाई ते खडं. असंच न्हवं?”

“व्हय, अव्वा.”

“मग पुसतोस कशाला? निवडून काडायचं.”

“लई हायत, अव्वा. एकेकाला कळ दाबून धराय लागती, मग खिडकी येती, मग खाली जायचं, मग परत दाबायचं.”

“तू तूर निवडलीस का रे कवा?” त्यांनी विचारले. प्रभुने नकारार्थी मान हलविली. “मग मला सांगू नगंस. दाखव कुटली कळ.”

आणि त्यांनी निवडायला सुरुवात केली. एक मेलेले नाव. अंगठा कळीवर, दाबून धर, खिडकी, खाली, पुन्हा दाब. गेले. पुढचे. मध्येच अंगठा अडे, तेव्हा त्या त्याला डाव्या हाताने चोळीत आणि एखाद्या आळशी सुनेला बोलावे तसे बोलत. माकड राहिले बाजूला. दिवाळी झाली, पाहुणे परतले, तरी रोज दुपारी गिरिजाबाई माझ्या यादीसमोर बसत. खेळ खेळणे हे त्यांच्या दृष्टीने नाइलाजाचे औषध होते. हे मात्र काम होते. कोणी हाक मारली तर म्हणत, “थांब, निवडाय बसलीया.” सोनालीने अंगठा पुन्हा धरून पाहिला. या खेपेस तो तिच्या बोटांना उलट दाबून म्हणाला की मी आहे.

शेवटचे मेलेले नाव गेले त्या दिवशी यादी स्वच्छ झाली. गिरिजाबाईंनी ती वरपासून खालपर्यंत एकदा फिरून पाहिली. “संपलं व्हय?” त्या म्हणाल्या, काहीशा निराश होऊन. मग खेळायचे यंत्र खाली ठेवून त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केले.

“महेश्वरी, सूप आण गं. आन् तुरीचा डबा.”

मित्रांनो, तेव्हापासून मी बहुतेक बंदच असतो. ज्यासाठी जन्मलो ते काम झाले, म्हणून मला बाजूस सारले. यात तक्रार करू नये असे पुस्तकात लिहितात. परंतु मी करतो. सांगून ठेवतो, यंत्र ‘नाही’ म्हणाले तर त्याला चापट मारण्याआधी आपण काय हलविले ते आठवा. भक्तीने हलविले असले तरी ते हलविलेच असते. एका चुकीवर दुसरी रचू नका. आणि जे निवडून काढता येते ते पुसून टाकू नका.

एवढे बोलून मी गप्प बसतो, कारण मला फार हलता येत नाही. गिरिजाबाई सूप घेऊन माझ्या शेजारीच बसल्या आहेत. मला पाट समजून तुरीतून निघालेला प्रत्येक खडा त्या आपल्या उजव्या हाताच्या चिमटीत धरतात आणि माझ्या झाकणावर ठेवतात.